शेवटपर्यंत बघा

इंटरनेटवर दुकान चढवायचं म्हणजे काही डोंगर चढायचा नाही, असं कापूसरावांनी सकाळीच जाहीर केलं. त्यांचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. आयुष्यभर गाद्या भरून भुवयांत कापूस मुक्कामाला आला होता, त्यावरून हे नाव पडलं. "महिनाभरात गिऱ्हाइकांची रांग लावतो, बघत राहा," ते म्हणाले.

रांग लागणं भागच होतं. साडूंनी महिनाअखेरची मुदत दिली होती. साडूंचं फोमच्या गाद्यांचं शोरूम होतं, काचेचं आणि थंडगार. कापूसरावांचं दुकान चाललं नाही तर त्याला कुलूप लावायचं आणि निळा शर्ट घालून शोरूमच्या काउंटरवर फोम विकायचा, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. कापूसरावांचा फोमवर राग नव्हता. ते त्याला गादी मानत नव्हते, एवढंच. पण त्या निळ्या शर्टाच्या नुसत्या विचाराने त्यांना घास जात नसे.

सल्ला द्यायला धाकटी मेहुणी आली. तिने उशांच्या चळतीवर फोन उभा केला आणि बजावलं, "भाऊजी, आल्याआल्या 'घ्या, घ्या' करायचं नाही. लोक पळतात. आधी गुंतवायचं, गोष्ट सांगायची. पत्ता आणि फोन नंबर अगदी शेवटी."

"आणि चेहरा?"

"दाखवा. पण भुवया झटकून घ्या."

"भुवया राहू देत. आपली पाटी तीच आहे."

दुपारची वेळ होती. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा दुकानात उतरला होता. कापूसरावांनी धनुकली उचलली आणि कापूस पिंजायला घेतला. धुं... धुं... धुं... तंतू उन्हात तरंगू लागले, वर जाऊ लागले, खाली यायचं विसरले. कापूसराव मऊ आवाजात सांगत होते, की कापसाला घाई केलेली आवडत नाही, त्याला आधी मोकळं करावं लागतं, मग तो आपला भार घेतो. स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना वाटलं, दुकान जमिनीपासून वीतभर उचललं गेलंय. शेवटी त्यांनी पत्ता सांगितला, नंबर दोनदा सांगितला आणि एकदा शिंकले.

व्हिडिओ चढला आणि धावतच सुटला. हजारो लोकांनी बघितला. कापूसरावांनी फोन उशाशी घेऊन बसायला सुरुवात केली. फोन मात्र मुका.

"लोक लिहितायत काय?" त्यांनी विचारलं.

मेहुणी वाचू लागली. "'फार सुंदर, पूर्ण बघता आला नाही.' 'रोज लावतो.' 'शेवटी काय होतं, कुणी सांगेल का?'"

"मधेच सोडून जातात," कापूसराव खट्टू झाले. "कंटाळवाणा झालाय."

म्हणून पुढचा व्हिडिओ जीव ओतून केला. आवाज आणखी मऊ, धनुकली आणखी संथ, गोष्ट दुप्पट लांब. बघणारे तिप्पट झाले. फोनवर हूं की चूं नाही.

गडबड कुठे होते ते बघायला बायको ओट्याशी व्हिडिओ लावून बसली. थोड्या वेळाने दुकानापर्यंत करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं आणि बायको ओट्यावर डोकं टेकून शांत झोपली होती.

मेहुणीने कपाळावर हात मारला. "भाऊजी, कुणी सोडून जात नाहीये. सगळे झोपतायत."

लगेच नंबर अगदी सुरुवातीला घेतला. आता फोन खणखणला. कापूसरावांनी घसा साफ केला.

"तुम्हीच का ते? शेवटची शिंक तेवढी काढा हो. छान झोप लागलेली असते, दचकून जाग येते."

"काढतो. आणि गादी कोणत्या मापाची हवी?"

"गादी कशाला? तुमच्यामुळे आम्हाला आता फरशीवरसुद्धा झोप लागते."

सगळ्यांची तीच तऱ्हा. कापूसरावांनी आपल्याच हाताने आपल्या धंद्याला अंगाई म्हटली होती.

महिना संपला. शेवटची गादी भरायला घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मेहुणीने निरोपाचा म्हणून फोन उशांवर लावला. तेवढ्यात साडू आले. अंगात निळा शर्ट, छातीवर शोरूमचं नाव, हातात तस्साच दुसरा शर्ट.

"आवरा सावकाश. मी बसतो," म्हणत ते तयार गादीवर टेकले. साडूंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खिडकीतून येणाऱ्या उन्हात पहिल्यांदाच नीट दिसली.

धुं... धुं... धुं...

दिवे लागायची वेळ झाली तेव्हा साडू उठले. गालावर टाक्यांची नक्षी उमटली होती. बराच वेळ ते गादीवरून हात फिरवत राहिले.

"शोरूम उघडल्यापासून असा झोपलो नव्हतो, कापूसराव," ते हळूच म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज आणखी उतरवला. "एक गादी घरी पाठवा. मागच्या दाराने. आणि खोळ निळी शिवा."

"मोठे भाऊजी," मेहुणी जरा चाचरत म्हणाली, "तुम्ही व्हिडिओत आलात. घोरताना, शर्टासकट. मी कधीच चढवला."

साडू पांढरे पडले. "आत्ताच्या आत्ता काढ!"

"कशाला? तुम्ही अगदी शेवटी आहात. तिथपर्यंत आजवर जागं कोण राहिलंय?"

हे काही साडूंना पटेना. खात्री करायला त्यांनी तिथेच व्हिडिओ लावला. शेवटी त्यांना रिक्षात घालून घरी पोचवावं लागलं.

निळ्या शर्टाचा विषय पुन्हा निघाला नाही. गिऱ्हाइकं आता येतात, पुरून उरतात, पण सगळी मागच्या दाराने. फोमवर झोप येत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेल्यांना साडूच कानात पत्ता सांगतात. कापूसराव मात्र चारचौघांत ठासून सांगतात, ही सगळी इंटरनेटची कमाल.

साडू अजून रोज रात्री निळ्या गादीवर आडवे होऊन तो व्हिडिओ लावतात. आपण त्यात कसे दिसतो, ते त्यांना एकदा बघायचं आहे.