माझा फोटो पुढे, वऱ्हाड मागे

मांडवगण फराट्यात काँप्युटर सगळ्यात आधी कोणी चालवला असं विचारा, लोक माझ्याकडे बोट दाखवतील. १९८८ साली मी नोकरीला होते त्या सहकारी संस्थेत तो आला. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी. चपला दाराबाहेर काढायच्या. चेअरमनसुद्धा अनवाणी आत येऊन हात मागे बांधून उभे राहायचे. काळ्या पडद्यावर मी हुकूम टाइप करायचा आणि त्यानं तो निमूट पाळायचा. माझं इतकं ऐकणारं पुढे आयुष्यात कुणी भेटलं नाही.

मग माउस आला, रंग आले, इंटरनेट आलं, आणि त्याचा नूर बदलला. आता तो सांगायचा आणि मी ‘ओके’ दाबायचे. रिटायर होता होता तर मी खरंच माणूस आहे का याचीच तो खात्री करून घ्यायला लागला. चित्रांतले सिग्नल ओळखा म्हणे. आमच्या गावात सिग्नल कुठले? पस्तीस वर्षं त्याच्यासमोर बसले, आणि शेवटी ओळख दाखवेना. पण हे मी बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

म्हणूनच ज्ञानेश्वरीचं, माझ्या लेकीचं, लग्न ठरलं तेव्हा मी जाहीर केलं, की हे लग्न मोबाईलवर होणार. पत्रिका छापायची नाही, दारोदार हिंडायचं नाही. एक बटण दाबलं की चारशे घरांत आमंत्रण! आमचे हे, आनंदराव, एवढंच म्हणाले की धुरपदाआत्याला तरी जाऊन बोलावू. मी म्हटलं, आत्यांच्या सुनेकडे फोन आहे की.

धुरपदाआत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. कासुर्डीला असतात, वय ऐंशीच्या पुढे. लग्नाच्या दिवशी सकाळी आठला त्यांचा निरोप आला, की ज्या घरानं कुंकू लावून बोलावलं नाही तिथं मी अक्षता टाकायला येणार नाही. त्यावर हे म्हणाले, आत्या नसेल तर मीही मंडपात उभा राहणार नाही. संसारात पहिल्यांदाच ह्यांचा आवाज चढलेला ऐकला.

मुहूर्त बारा पस्तीसचा. माझा भाऊ दत्ता, त्यानं जीप काढली. निघता निघता आमचे व्याही हौसराव यांनी मंगल कार्यालयाचं लोकेशन मागितलं. वऱ्हाड कारेगावहून यायचं होतं. फोनवर दोन प्रकार दिसले, एक साधं लोकेशन आणि एक लाइव्ह. शिळं आणि ताजं असा काहीतरी फरक असावा असं मी धरलं. व्याह्यांना शिळं कशाला द्यायचं? लाइव्ह दिलं, तेही आठ तासांचं, आणि फोन घेऊन जीपमध्ये बसले.

चौफुला ओलांडला तोच हौसरावांचा फोन. त्यांची बस न्हावऱ्याला थांबली होती.

“ताई, हितनं मांडवगणला वळायचं न्हवं? लोकेशन तर चौफुल्याच्या बी फुडं दावतंय.”

मी हसले. इतक्या वर्षांचा अनुभव बोलला. म्हटलं, “दादा, रस्त्यात काही काम चालू असेल, म्हणून लांबून नेत असेल. मशीनवर विश्वास ठेवा. लोकेशन सोडू नका.”

त्यांनी सोडलं नाही.

कासुर्डीत आत्या ओसरीवर पाठ करून बसल्या होत्या. फोन जीपमध्येच ठेवून मी पाया पडले, कुंकू लावलं, नाक घासलं. तासभर त्या म्हशीशी बोलल्या, माझ्याशी नाही. तेवढ्यात बाहेर बँड वाजला.

गोठ्यासमोर दोन बस आणि फुलांनी मढवलेली गाडी उभी होती. फेटा सावरत हौसराव उतरले, म्हशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मंडप कुठाय म्हणून विचारलं. मग आपला फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर माझा फोटो, बरोब्बर आत्यांच्या घरावर. दोन तास ते सगळे त्या फोटोच्या मागे येत होते.

इकडे आत्या उठल्या. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव दारात बघून त्यांचे डोळे भरून आले.

“एवढं वऱ्हाड आलं व्हय मला न्यायला?”

खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्या नवरदेवाच्या गाडीत पुढे बसल्या.

जीपमध्ये फोन उघडला. ज्ञानेश्वरीचे सतरा मिस्ड कॉल. वऱ्हाडाची बस पुण्याच्या दिशेनं जाताना आमच्यापैकी कुणीतरी यवतला बघितली होती. ती बातमी मांडवात पोचेपर्यंत नवरदेव पळाला होता आणि मी जीप घेऊन त्याच्या मागे लागले होते. माझ्या पोरीनं नवऱ्याला फोन करून बघितला, तर फोन कारेगावलाच राहिलेला; शेरवानीला खिसा नव्हता. दीड तास ती शालू नेसून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

चौफुल्याच्या ट्रॅफिकमधून आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मुहूर्त गेला होता आणि पाहुणे जेवून परतले होते. भटजींनी संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढून दिला. आमच्या बाजूनं अक्षता टाकायला उरली घरची माणसं, आचारी आणि आत्या. नवरदेव स्वतः न्यायला आला हे त्या प्रत्येकाला दोनदा सांगत होत्या. हौसराव माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलत होते. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पाठवणीच्या वेळी ज्ञानेश्वरी गळ्यात पडली. सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, आठवण आली की नुसता फोन कर. बाकी कशालाही हात लावू नकोस.”

मी हुंदके देऊन रडले. बायकांना वाटलं, लेक चालली म्हणून रडतेय. तेही होतंच म्हणा.