शांतव्वाच्या हातावरची पारख

आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत कुणाकडं नवा दागिना आला, की तो देवापुढं जायच्या आधी शांतव्वाच्या डाव्या हाताला बांधला जातो. कोपराच्या आतल्या नाजूक बाजूला दागिना ठेवायचा, वरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची आणि दोन दिवस वाट बघायची. चिंधी सोडल्यावर कातडी जशीच्या तशी असली तर दागिना पास. लाल होऊन पुरळ उठलं, की मेलेला उंदीर धरावा तसा तो दागिना दोन बोटांत धरून शांतव्वा परत करणार आणि म्हणणार, "कातडी खोटं बोलत न्हाय की!"

सराफाकडं म्हणे यंत्र असतं. असेल बाई. आमच्याकडं शांतव्वा आहे.

शांतव्वा आमच्या शेजारच्या. रागावल्या की कानडी, जेवू घालताना मराठी. त्यांच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्लेला माणूस पुन्हा दुसऱ्या घरी जेवायला बसत नाही. पण बाई विक्षिप्त. सोलापूरच्या वैशाखात, कावळेसुद्धा चोच उघडून सावली शोधतात तेव्हा, ह्यांचा झंपर थेट हनुवटीपर्यंत गळाबंद. मंगळसूत्र त्या झंपराच्या वरून. मी एकदा म्हटलं, "अव्वा, अहो जीव गुदमरेल की." तर म्हणाल्या, "मला सर्दी होते गं." वैशाखात सर्दी!

दुसरी तऱ्हा म्हणजे नेलपेंट. मी नवी पेठेत बाजाराला निघाले, की त्या कानाशी येऊन पुटपुटणार, "मास्तरीण, पाण्याच्या रंगाची बाटली आण गं एक." मी आणून देते. पण त्यांच्या नखांत कायम ज्वारीचं पीठ. चमक म्हणून कधी दिसली नाही. एखादीची हौस असते, दार लावून करत असेल, असं समजून मी कधी विचारलं नाही.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून मी मास्तरीण. शांतव्वाच्या हाताचं कौतुक बघून मला राहवेना. एका दुपारी त्यांना समजावायला बसले. म्हटलं, अव्वा, तुम्हाला पुरळ उठतं ते सोन्यानं नाही, खोट्या दागिन्यातल्या निकेल नावाच्या धातूनं. आपल्या कातडीत पहाऱ्याच्या दोन फळ्या असतात. पहिली जन्मापासूनची. तिला काही शिकवावं लागत नाही, काहीतरी वावगं आलंय एवढं कळलं की ती आरडाओरडा करते. दुसरी शिकून तयार होते आणि चेहरे लक्षात ठेवते. ॲलर्जी म्हणजे दुसरीचंच काम असं वाटतं. पण पहिली ओरडलीच नाही, तर दुसरी जागी कशी होणार? आणि निकेल तर थेट पहिलीचीच घंटा वाजवतं.

शांतव्वांनी शेंगा निवडता निवडता सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे गल्लीतली कुत्री अन् चौकीतला फौजदार. कुत्र्यांना कुणी शिकवलेलं नसतंय. परकं दिसलं की भुंकतात. भुंकणं ऐकून फौजदार उठतोय. अन् एकदा चोराचं तोंड बघितलं, की फौजदार जल्मभर इसरत न्हाय. असंच की?"

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच शिकवलं. मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करून ऐकत होती.

तेव्हापासून गल्लीची भाषाच बदलली. "काय अव्वा, कुत्री भुंकली का?" असं विचारत बायका यायच्या. समोरच्या लक्ष्मक्काच्या मुलीची सोयरीक ठरली, तेव्हा मुलाकडची अंगठी अशीच अव्वांच्या हाताला होती आणि नेमक्या विहीणबाई न सांगता दारात उभ्या! लक्ष्मक्काची बोबडी वळली, तेलुगूत देवाचं नाव घेऊ लागली. शांतव्वा जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरचं सोनं हाय. म्हातारीचा आशीर्वाद मुरू दे की दोन दिवस." विहीणबाई इतक्या खूश झाल्या, की हातातली बांगडी उतरवून म्हणाल्या, "मग हिच्यातबी मुरू द्या."

अंगठी पास झाली. बांगडीनं मात्र हातावर लाल कडं उठवलं, ते मी बघितलं. शांतव्वांनी बांगडी पदरानं पुसून, कपाळाला लावून परत केली. मी डोळे मोठे केले, तर म्हणाल्या, "तिच्या नवऱ्यानं केली आसंल. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतंय."

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे शांतव्वांचे यजमान. टॉवेलच्या कारखान्यात साध्या मागावर लागले आणि जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होऊन निवृत्त झाले. बिघडलेला माग नुसत्या खटखटीवरून ओळखायचे. माणूस अबोल. फक्त एका विषयावर सुटले, की आवरत नाहीत. तो विषय म्हणजे बायकोचं मंगळसूत्र. लग्नात ऐपत नव्हती म्हणून नुसती काळी पोत बांधली होती. पुढं पाळीवर पाळी जोडून काम केलं आणि जत्रेत भेटलेल्या एका सोनाराकडून सोन्याच्या वाट्या आणल्या. "लाल कागदात आणल्या होत्या," हे वाक्य येणारच. आणि मग गल्लीकडं बघून, "हिला खोटं सोनं घटकाभर सोसत न्हाय. माझं मंगळसूत्र मात्र जल्मभर सोसलं. आता काय ते समजा!" त्या दोन वाट्यांवर अण्णांची छाती उभी होती. तेवढं एक काढून घेतलं, तर म्हातारा खालीच बसला असता.

परवाच्या उन्हाळ्यात शांतव्वांच्या अंगणात कुरडयांचा घाट होता. सगळ्या बायका जमलेल्या, म्हणून मी कॉलेजातून एक छोटी बाटली आणली. त्यातलं औषध कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं, दागिन्यावर घासायचं. निकेल असेल तर बोळा गुलाबी होतो. म्हटलं, आता अव्वांच्या हाताला सुट्टी. झालं! कुरडया राहिल्या बाजूला. हिची कुडी गुलाबी, तिचं पैंजण गुलाबी, हशा नुसता.

तेवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले. "मास्तरीण, आमच्या मंगळसूत्रावर फिरव की बोळा. बघू दे गल्लीला, अस्सल काय असतंय ते!"

शांतव्वांचा चेहरा पांढराफटक पडला. "कुरडया करपतील उन्हात," म्हणाल्या. कुरडया उन्हातच वाळवतात, हे त्यांना मी सांगायचं?

"का गं?" अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या सोन्यावर भरवसा न्हाय?"

शांतव्वांनी पदर खोचला. "भरवसा न्हाय कसा? पर सौभाग्याचं लेणं हाय. देवापुढं दिवा लावून येते, मग बघा काय बघायचं ते." आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. दिवा लावायला फार वेळ लागला. अण्णा उभेच होते. शेवटी त्या बाहेर आल्या, वाट्या तळहातावर घेऊन त्यांच्यावर हलकेच फुंकर मारत.

मी बोळा फिरवला. काचेवरून सरकावा तसा तो सरकला, कडेला जरासा चिकटला. आणि एक वास आला. तो वास मला पाठ होता. त्या बाटल्या मीच तर आणून देत होते.

मी बोळा वर धरला. पांढरा होता.

"पांढरा!" मी एवढ्या जोरात ओरडले, की लक्ष्मक्का दचकली. अण्णांनी मांडीवर थाप मारली. बोळा माझ्या हातातून घेतला आणि गल्लीत दारोदार दाखवत निघाले.

मी शांतव्वांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, हळदीकुंकवाच्या मागं ती पाण्याच्या रंगाची बाटली होती. झाकण अजून उघडंच.

"कधी कळलं, अव्वा?"

"तिसऱ्या दिवशी. गळाभर आग उठली होती." शांतव्वांनी झाकण लावलं. "मग झंपर गळाबंद शिवून घेतला. पुढं तूच बायकांना सांगितलंस न्हवं का, पुरळ उठवणाऱ्या बटणाला नेलपेंट लावा, धातू कातडीला लागत न्हाय म्हणून? लई उपकार झाले बघ तुझे."

"आणि अण्णांना कधीच सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? लाल कागद सोडताना हात थरथरत होते गं त्यांचे. त्या सोनारानं त्यांना फशिवलं. त्यांनी मला न्हाय फशिवलं."

आपली सगळी गल्ली ह्या बाईच्या कातडीला मान देते, आणि तिच्या काळजाला द्यायचा मान राहूनच गेला, असं वाटलं. तरी खोड जाते कुठं माझी? म्हटलं, "पण कातडी खोटं बोलत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"न्हायच बोलत. ती बिचारी अजून भुंकती." बाहेर अण्णांचा आवाज चढला होता, कुणाला तरी लाल कागदाची गोष्ट चालू झाली होती. शांतव्वा कान देऊन ऐकत राहिल्या, आणि एखाद्या नव्या नवरीसारख्या हसल्या. "पर घरच्या माणसावर भुंकणारं कुत्रं आपणच आवरायचं असतंय, मास्तरीण."

मग त्यांनी बाटली उजेडाकडं धरून हलवली आणि माझ्याकडं वळल्या.

"संपत आली गं. बारक्या बाटलीनं आता भागायचं न्हाय. पुढच्या खेपेला मोठी आण."