पक्का निळा

लग्न तोंडावर आलं होतं, अंगणातल्या निळीच्या रांजणांनी तळ गाठला होता, आणि तरीही सिकिरात काखेत कोऱ्या कापडाचं आणखी एक गाठोडं घेऊन फाटकातून आत आली.

"आता कोण राहिलंय?" मोरेनिके ओरडली.

"इबादानच्या मावश्या. आत्ता जाग आलीय त्यांना," सिकिरात गाठोडं आपटत म्हणाली. ती मोरेनिकेची धाकटी बहीण. "म्हणतात, आम्हाला घरचं कापड मिळालं नाही तर आम्ही मागे परक्यांत बसू आणि न जेवता परत जाऊ."

"न जेवता? त्या?" मोरेनिके हसली. "आण इकडे."

त्यांच्या अबेओकुटा गावात लग्न म्हटलं की मुलीकडच्यांचं कापड एक आणि मुलाकडच्यांचं दुसरं. ज्याच्या अंगावर आपलं कापड, तो आपला. इतर बायका त्यासाठी बाजारातून परदेशी ठाण उचलतात. मोरेनिकेने मात्र साखरपुड्यालाच जाहीर करून टाकलं होतं, की माझ्या लेकीच्या, अडुन्नीच्या लग्नात आमची झाडून सगळी माणसं आदिरे, म्हणजे आपलं निळीचं कापड, नेसतील, आणि तेही माझ्या अंगणात, माझ्या हातांनी रंगवलेलं.

का नाही म्हणणार? इतोकु बाजारात तिच्या दुकानापुढे गिऱ्हाईक उभं राहिलं की ती आधी अंगठा ओला करायला लावायची. "घासा! जोर लावून घासा! अंगठा निळा झाला तर कापड फुकट न्या." आजवर एकानेही फुकट नेलं नव्हतं. तिच्या आईनेही असंच कापड विकलं होतं आणि आजीनेही.

खरी ठिणगी पडली होती ती वेगळ्याच ठिकाणी. मुलाची आई मदाम ओयिनकान, लेगोसची, पहिल्या भेटीला आली तेव्हा तिने मोरेनिकेच्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि गोड आवाजात म्हणाली होती, "छान आहे हो. आमच्याकडे मोलकरणी नेसतात. रंग लागतो ना पण?"

रंग लागतो ना! त्या दिवसापासून मोरेनिकेला झोप नव्हती. भर मांडवात या बाईच्या डोळ्यांदेखत आपला निळा मिरवायचा, आणि तिच्याच तोंडून वाहवा वदवून घ्यायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

म्हणून तिने स्वतःचं कापड सर्वांत शेवटी ठेवलं. मावश्यांची कापडं एकेकदा बुडवून काढली, पण स्वतःचं पुन्हा पुन्हा बुडवलं. वधूची आई कोण, हे लांबून कळायला नको? शेवटी कापड असं गडद झालं की निळा आणि काळा यांत भांडण लागावं.

"ताई, शेवटचं धुणं राहिलंय," सिकिरात म्हणाली.

"धुतलं की चकाकी जाते."

"अगं पण..."

"तू मला शिकवणार? वाळलंय ना? ठोक!"

मग लाकडी मोगरीने कापड ठोकून काढलं. त्यावर कबुतराच्या मानेसारखी तांबूस झाक आली. मोरेनिके ते अंगाला लावून आरशासमोर अशी उभी राहिली की अडुन्नी म्हणाली, "आई, लग्न माझं आहे, एवढं लक्षात ठेव."

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मुलीकडची बाजू निळी, मुलाकडची पांढरीशुभ्र. मदाम ओयिनकानच्या अंगावर परदेशी लेस होती आणि डोक्यावरचा पटका तर दारातून आधी आत आला, मग मदाम. ढोल बोलायला लागला. तेवढ्यात जनरेटरने मान टाकली, पंखे थांबले आणि सगळ्यांना दरदरून घाम फुटला.

"या, विहीणबाई, या!" घाम आपल्याच कापडाला पुसत मोरेनिके पुढे झाली आणि तिने विहिणीला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली. मग नवरा मुलगा लानरे आणि त्याचे मित्र रीतीप्रमाणे सासरच्यांच्या पायांशी पालथे पडले. मोरेनिकेने जावयाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिला. आशीर्वाद जरा लांबला, कारण तिला रडू आलं होतं.

लानरे उठून वळला. पाठीला, पांढऱ्या घोळदार अग्बाड्यावर दोन निळे पंजे.

"ताई," सिकिरात कानाशी कुजबुजली, "आधी ओरडू नकोस. हात बघ."

हात मनगटापर्यंत निळे होते. तिने हळूच समोर पाहिलं. मदाम ओयिनकान पाहुण्यांना हात जोडत मिरवत होती आणि तिच्या पाठीवर एक पंजा होता. दुसरा पंजा बराच खाली होता, कारण मोरेनिके मूळची बुटकी.

"मेले मी," मोरेनिके म्हणाली. "आजीचं नाव बुडवलं. एका धुण्यासाठी बुडवलं गं!"

"रडायचं नंतर. आधी पुसून बघू."

सिकिरात टेबलावरचा रुमाल पाण्यात बुडवून नाचणाऱ्या मदामच्या मागे गेली आणि नाचता नाचता तिने पंजा पुसला. पंजा गेला नाही, त्याचा मोठा ढग झाला. आता एकच उपाय होता. मोरेनिके स्वतः जाऊन विहिणीच्या मागे चिकटून उभी राहिली. मदाम डावीकडे गेली की ही डावीकडे, मदाम जोलोफ भात वाढून घ्यायला वाकली की ही पण वाकली.

"अहो, तुम्ही सारख्या माझ्या मागे का?" मदाम शेवटी वैतागली.

"आमच्याकडे रीत आहे. विहिणीची पाठ सोडायची नाही."

रीत फार वेळ टिकली नाही. मदामची लेगोसची मैत्रीण मिसेस कोकर मागच्या बाजूने आली आणि किंचाळलीच, "ओयिन! पाठीला काय लागलंय हे? आणि खाली... अगं बाई, खाली पण?"

ढोलवाला थांबला. मिसेस कोकरने मोबाइलवर फोटो काढून मदामच्या नाकासमोर धरला. मदामने फोटो पाहिला. मग तिने वळून मोरेनिकेचे हात पाहिले. स्वयंपाक्याची पळीसुद्धा थांबली.

मोरेनिकेने छाती पुढे काढली. चूक आपली, तर कबूलही आपणच करायची. लपून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण तिच्याआधी मदाम बोलली. लेगोसच्या सगळ्या मैत्रिणी बघत असताना मदाम ओयिनकानला डाग पडतो, हे तिला मरेपर्यंत कबूल करता येणार नव्हतं.

"लागलंय म्हणजे?" ती मान ताठ करून म्हणाली. "मुद्दाम करून घेतलंय. लेस काय, पैसे टाकले की कुणालाही मिळते. विहीणबाईंच्या हातचा खरा निळा कुणाला मिळतो? लानरेच्या पाठीवर नाही बघितलात? आमच्या दोघांचं एकसारखं आहे."

"आणि हा ढग?"

"तो सर्वांत महाग."

मोरेनिकेने कबुलीसाठी उघडलेलं तोंड मिटलं. मिसेस कोकरने स्वतःच्या कोऱ्या पाठीकडे केविलवाणं पाहिलं. "मला नाही सांगितलंस ते!" ती रुसून म्हणाली. पुढच्या घटकेला लेगोसच्या बायकांचा मोरेनिकेभोवती गराडा पडला. इबादानच्या मावश्यांच्या धुतलेल्या लुगड्यांचा रंग कुणालाच लागला नव्हता. त्यांना कुणी विचारेना, म्हणून त्या जेवायला बसल्या.

गर्दीतून मदामने मोरेनिकेला कोपऱ्यात ओढलं आणि दंडाला चिमटा काढला. "खरं सांगा. निघेल ना हे?"

"वाटेल ते बोला विहीणबाई, पण माझा निळा निघतो असं म्हणू नका," मोरेनिके म्हणाली. आधी मदामलाच हसू फुटलं.

पुढे मोरेनिकेला लेगोसहून लेसवर लेस यायला लागली. तिने मात्र कानाला खडा लावला होता. प्रत्येक पाठीवर पंजा उमटवायचा, वाळवायचा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. सिकिरात धुऊन धुऊन कंटाळली, पण मोरेनिकेने एकही कापड तसंच जाऊ दिलं नाही. आजीचं नाव पुन्हा जागेवर आलं होतं.

एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली. मिसेस कोकर तणतणत उतरली आणि तिने आपली लेस मोरेनिकेपुढे धरली.

"फसवलंत मला! खोटा माल आहे हा!"

"खोटा?" मोरेनिके रांजणापासून उठली. कोपरापर्यंत हात ओले. "माझ्या अंगणात येऊन खोटा म्हणता?"

"मग काय म्हणू? काल पार्टीत दिसेल त्याला मिठी मारली, कुणाला काही लागलं नाही. हे बघा!" तिने अंगठा ओला केला आणि पंजावर खसाखसा घासला. अंगठा कोरा. "येतोय का रंग? ओयिनला म्हणे तुमचा निळा मिठी मारताच लागला. मला तो हवाय, खरा!"

सिकिरातने धुण्यातून मान वर केली आणि बहिणीकडे पाहिलं. मोरेनिकेने तो कोरा अंगठा हातात धरून पाहिला. असा अंगठा दाखवून तिच्या घराण्याने आयुष्यं काढली होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "या इकडे."

आणि तिने रांजणातल्या ओल्या हातांनी मिसेस कोकरला घट्ट मिठी मारली. पाठीवर दोन हिरवट पंजे उठले. मिसेस कोकर तृप्त होऊन गाडीत बसली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हवा लागून ते पंजे निळे झाले होते.

"ताई," सिकिरात म्हणाली, "तिच्या अंगावरचा ब्लाउज नवा होता गं. लागलेलं निघेल का?"

"निघायला तो काय खोटा आहे?" मोरेनिके म्हणाली आणि पुन्हा रांजणात हात घातला.