चित्र उभं राहीपर्यंत

रेघ केसाएवढी बारीक होती. काळ्या काचेच्या बरोबर मधोमध, डावीकडून उजवीकडे गेलेली, पांढरी. उजव्या टोकाला किंचित निळसर. बायकोची सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेलेली. तिने वाकून रेघ पाहिली आणि मनात नोंद केली : केसाएवढी. नवऱ्याने नुसता कपाळाला हात लावला.

ते कपाटाएवढं, जुनं व्हिडिओ गेमचं मशीन होतं. ज्या पार्लरमध्ये नवऱ्याने शाळा बुडवून लहानपण घालवलं, ते बंद पडलं तेव्हा हे त्याने उचलून घरी आणलं आणि आतल्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं. तिथे आधी बायकोचं टेबल होतं. टेबल तेव्हापासून गॅलरीत होतं आणि त्यावर कपड्यांचे चिमटे राहत होते.

बायकोला दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने बोलावलं होतं. स्वतःचा विभाग, स्वतःची खोली. होय की नाही ते कळवा, असा तिकडून दोनदा फोन येऊन गेला होता. असं बोलावणं पूर्वीही एकदा आलं होतं, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आडवं आलं. या वेळी गुडघे ठणठणीत होते. म्हणून मशीन आडवं आलं.

"अगं, माझं डोकं यात अडकलंय," नवरा म्हणाला. "एकदा चित्र उभं राहू दे. मग शांतपणे बसून ठरवू."

"चित्र उभं राहिलं की?"

"शब्द दिला."

टीव्ही दुरुस्त करणारे ट्यूबकाका आले. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"याचं उभं गेलंय."

"म्हणजे हो?" सासूबाईंनी विचारलं.

"चित्राला आडवं ताणणारं सर्किट वेगळं, उभं ताणणारं वेगळं. आडवं शाबूत आहे. उभं झोपलंय."

सासूबाईंनी सोफ्यावर पसरलेल्या मुलाकडे पाहिलं. "आमच्याकडे हे वंशपरंपरेने आहे."

काकांनी दोन-तीन भाग बदलले, तारा सोडल्या, जोडल्या. बटण दाबलं आणि चित्र आलं. रंग झकास होते. फक्त सगळी अंतराळयानं डोक्यावर उभी होती आणि गोळ्या वरून खाली सुटत होत्या.

"उभ्या ताणाच्या दोन तारा उलट लागल्यात," बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी ट्यूब बदलतोय," काका म्हणाले. "हा ट्यूबचा स्वभाव आहे." आणि पिशवी उचलून स्वभावासकट निघून गेले.

बायको नवऱ्याकडे वळली. "चित्र उभं राहिलं. बोलूया?"

"हे उभं? अगं, डोक्यावर आहे ते!"

"डोक्यावर का होईना, उभंच आहे."

"शब्दात पकडू नकोस हं मला."

इतक्या वर्षांत त्याला शब्दात पकडून काही हाती लागलं नव्हतं. सासूबाईंनी तोडगा काढला, "चित्र उलटं दिसतंय ना? मग काचच उलटी बसवा." नवऱ्याला हे तत्काळ पटलं. तारा बायकोने सुचवल्या होत्या, काच आईने. शेजाऱ्याला हाताशी धरून त्याने आतला अख्खा मॉनिटर बाहेर काढला, उलटा केला आणि परत कोंबला. स्क्रू बसेनात, तेव्हा खाली दोन उशा लावल्या. उशा बायकोच्या होत्या.

चित्र सरळ झालं, आकडे तेवढे आरशातल्यासारखे दिसू लागले आणि एका कोपऱ्यात जांभळा डाग उमटला.

"पृथ्वीच्या चुंबकत्वाने होतं हे," बायको म्हणाली. "ट्यूबची दिशा बदलली की रंग सरकतात."

"आता पृथ्वीचाही दोष काढ!" नवरा म्हणाला. पण त्यातला 'चुंबक' एवढा शब्द त्याने पकडला, जुन्या स्पीकरमधलं चुंबक उपसलं आणि काचेवर डाग पुसल्यासारखं घासलं. डाग पसरला, हिरवा झाला, कडेने पिवळा पडला. मार बसलेल्या गालासारखा.

"आता?" तिने विचारलं.

"या असल्या चित्रासमोर माणसाला आयुष्याचे निर्णय सुचतात का?"

तिकडून तिसरा फोन आला. "उद्या शेवटचं," पलीकडचा आवाज नम्रपणे म्हणाला.

बायकोने त्याच दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काकांकडून चुंबकत्व घालवायची तारांची मोठी कडी मागून आणली. मॉनिटर सुलटा केला, दोन तारांची अदलाबदल केली, कडी काचेसमोर गोल फिरवत हळूहळू मागे नेली. डाग गेला. मागचा 'उंची'चा स्क्रू फिरवून तिने चित्र काठोकाठ नेलं आणि तो पुन्हा हलू नये म्हणून प्रयोगशाळेतल्या सवयीने त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला. मग उशा झटकून पलंगावर ठेवल्या.

नवरा संध्याकाळभर खेळला. "उद्या बोलू," तो मान न वळवता म्हणाला. "आज खेळू दे गं जरा."

सकाळी आतल्या खोलीतून हंबरडा ऐकू आला. "गेलं! उभं परत गेलं!"

सासूबाई चहाचा कप घेऊन धावल्या. "उभ्या जन्मात असलं भिकार यंत्र पाहिलं नाही मी!"

बायको सावकाश आली, वाकली. रेघ दोन बोटं जाड होती. तिच्यात चपटी झालेली अंतराळयानं मुंग्यांसारखी सरकत होती. उभं खरंच गेलं होतं तेव्हा रेघ केसाएवढी होती. हे कोणीतरी दाबून ठेवलेलं होतं.

ती मागे गेली. 'उंची'च्या स्क्रूवरचं नेलपॉलिश तडकलं होतं.

"कंपनाने फिरलं असेल," नवरा पुढूनच म्हणाला.

"काय फिरलं असेल?"

त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली लाल कपची अडकली होती. सासूबाईंनी आधी ती पाहिली, मग मुलाचा चेहरा, आणि हातातला चहा स्वतःच पिऊन टाकला.

बायकोने स्क्रू फिरवला. चित्र हळूहळू ताणलं गेलं आणि काठाला लागलं. मग ती हात पुसत पुढे आली.

"रंग?"

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

"डोक्यावर नाही ना?"

"नाही."

"उभं आहे?"

त्याने काचेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई रिकाम्या कपात पाहत होती.

"आहे," तो म्हणाला.

"मग ऐक. मी जातेय. टेबल घेऊन."