दोनशे फूट, एक इंचही जास्त नाही

मुलांनो, डोळे मिटा बघू. समोर एक उतार आहे. सगळ्यांत खाली नर्सबाईंचं घर, त्याच्या वर खारूताईचं आणि त्याच्याही वर शिंपीकाकांचं. मधे दगडी पायऱ्या. खारूताई म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. दिवसातून चारदा नर्सबाईंच्या नळावरून बादली भरून वर यायची, म्हणून हे नाव. चढताना जड वाटू नये म्हणून ती पायऱ्या मोजायची. बरोबर ऐंशी भरायच्या.

एके दिवशी बाबांनी जाहीर केलं, "आता पाणी आपल्या दारात. नर्सबाईंच्या बोअरला दोनशे फुटांवर लागलं, आपल्यालाही दोनशेलाच लागणार. मी सगळा अभ्यास केलाय."

"झाला म्हणायचा," आई म्हणाली. बाबांचा अभ्यास म्हणजे नर्सबाईंशी कुंपणावरून झालेल्या पाच मिनिटांच्या गप्पा.

बोअरचे पैसे फुटावर मोजतात. बाबांनी नेमके दोनशे फुटांचे बाजूला काढले आणि उरलेल्यांत अंगणासाठी कारंजं आणलं. तोंडातून पाणी उडवणारा सिमेंटचा मासा. पाण्याच्या आधी मासा घरात आला.

मग बोअरची गाडी आली. वीस-वीस फुटांचे पाइप जमिनीत जाऊ लागले. धूळ अशी उडाली, की बाबा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागले. दहा पाइप गेल्यावर मिस्त्रींनी यंत्र थांबवलं.

"दोनशे झाले, साहेब. नुसता फुफाटा. गाशा गुंडाळू?"

"अहो, नीट बघा. पाणी जरा बाजूला गेलं असेल."

"पाणी आहे की मांजर, बाजूला जायला?"

लेकीच्या तळहातावर बादलीच्या कडीने घट्टे पडले होते, आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा," खारूताईने विचारलं, "नर्सबाईंनी दोनशे फूट कुठून मोजले?"

"त्यांच्या अंगणातून."

"आणि आपण?"

"आपल्या अंगणा..." बाबा अर्ध्यातच थांबले.

"मधे ऐंशी पायऱ्या आहेत. एक पायरी म्हणजे माझी छोटी पट्टी. अर्धा फूट."

मिस्त्रींनी टोपी मागे सारली. "जमिनीच्या पोटातलं कोणी सांगावं? पण पोरीचं म्हणणं पटतंय. चाळीस फूट, म्हणजे आणखी दोन पाइप. तेवढे पैसे आहेत ना?"

सगळ्यांच्या नजरा माशाकडे वळल्या. बाबांनी निमूटपणे मासा खांद्यावर घेतला आणि दुकानाची वाट धरली. दुकानदाराने तो कुरकुरत परत घेतला.

अकरावा पाइप कोरडाच गेला. बारावा संपत आला, तेव्हा धूळ ओली झाली, मग चिखल आला आणि मग पाण्याचा असा फवारा उडाला, की बाबांची कपड्यांसकट आंघोळ झाली. "मासा गेला, पण कारंजं राहिलं," आई म्हणाली.

संध्याकाळी शिंपीकाका वरून उतरून आले. "मलाही बोअर घ्यायचाय. किती फूट धरू?"

बाबांनी छाती पुढे काढली. "दोनशे चाळीस. एक इंचही जास्त नाही. मी स्वतः अनुभव घेतलाय."

खारूताईने बादली उपडी ठेवली, दप्तरातून पट्टी काढली आणि ती शिंपीकाकांच्या घराकडे जाणाऱ्या पायऱ्या मोजायला निघाली.