गाठीगाठींचं सूत

वहिनींनी कातलेल्या लोकरीच्या सुताची पेटी दुकानातून जशीच्या तशी परत आली आणि कारण ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूत इतकं सारखं आहे, म्हणजे ते यंत्रावरचंच असणार, अशी म्हणे गिऱ्हाइकांची तक्रार होती. हातचं सूत असेल तरच पाठवा, नाहीतर यंदाचा माल नको, असा निरोप होता.

"चांगलं आहे म्हणून परत?" त्यांनी दिराला विचारलं. माल पोचवणं एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा होता.

या घरात लोकर कातरायची दिराने, धुऊन पिंजायची जावेने आणि कातायची फक्त वहिनींनी. दादांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, चरख्याची भारी हौस. पण त्यांच्या हाताला वळणच नाही, असं वहिनींनी लग्नाच्या वर्षीच जाहीर केलं होतं. तेव्हापासून दादा टाकाऊ लोकर कातत आणि ते सूत मेंढवाड्याचं फाटक बांधायला वापरलं जाई.

शेवटी दुकानवाल्या बाई स्वतः खात्री करायला आल्या. वहिनींनी त्यांच्या डोळ्यांदेखत लडी कातून दिली. बाई थक्क झाल्या, माफीही मागितली. "मला पटलं हो, पण गिऱ्हाइकांना कसं पटवू?" म्हणत त्या निघाल्या आणि फाटकापाशी थबकल्या. तिथलं सूत कुठे अंगठ्याएवढं जाड होतं, कुठे केसाएवढं बारीक.

"याला म्हणतात हातचं काम," म्हणत बाईंनी ते सोडून उजेडात धरलं.

फाटक उघडलं आणि सगळा कळप रस्त्यावर. घरदार मेंढ्यांमागे धावत सुटलं. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत, हे कुणी कातलं एवढंच विचारत राहिल्या. काखेत कोकरू धरलेल्या दादांनी भीतभीत हात वर केला.

आता चरखा दादांकडे आहे. माल तर जायलाच हवा, म्हणून वहिनी अपमान गिळून त्यांच्याकडे शिकायला बसल्या. मुद्दाम गाठी पाडायला गेल्या, तरी सूत सरळच आलं. दादांनी चष्मा लावून लडी निरखली.

"पुन्हा कात," ते म्हणाले. "तुझ्या हाताला फारच वळण आहे."

वहिनी लडी उचलून तडक गेल्या आणि त्याच सुताने फाटक करकचून बांधलं. तेव्हापासून एकही मेंढी बाहेर पडलेली नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतात.