बोरगाव मेघेतलं बोटीचं इंजिन

त्या वर्षी लग्नाच्या पंगतीत देवरावजींनी डबा उघडला की शेजारचा माणूस आपलं ताट हळूच सरकवून घेई. नवख्याला वाटे, म्हाताऱ्याचं काही पथ्य असेल. डब्यात रॉकेलनं पुसलेला इंजिनाचा कारबोरेटर असे. समोरचा माणूस वांग्याची भाजी वाढून घेत असताना देवरावजी तो त्याच्या नाकाशी धरत आणि विचारत, "पाहा बरं जी, असा कुठं पाह्यल्यासारखा वाटते का?"

देवरावजी बोरगाव मेघेतले आमचे शेजारी. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. यंत्राशी त्यांचा संबंध स्कूटरला लाथ मारण्यापुरता. तरी दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी आर्वीकडच्या धरणावरून टेम्पोत घालून बोटीचं इंजिन आणलं आणि अंगणात तुळशीशेजारी लाकडी घोडीवर बसवलं. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तिथे बोटीचं इंजिन आल्यावर लोक पाहायला लोटले नसते तरच नवल.

व्यवहार असा होता. धरणावरच्या मासेमारांचं ते इंजिन बंद पडलं होतं आणि ते त्याला भंगारात घालणार होते. देवरावजींनी शब्द दिला, मी ते सुरू करून देतो, बदल्यात एक दिवस नाव माझी. उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही, तर इंजिन भंगारात. एका दिवसासाठी नाव घेऊन हा माणूस करणार काय, ते मात्र कोणाला सांगेना. मग गल्लीनं आपापल्या वकुबाप्रमाणे शोध लावले. कोणी म्हणालं, रिसॉर्ट काढणार. कोणी म्हणालं, निवडणुकीला उभे राहतील, निशाणी नाव. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं, तर त्या कडाडल्या, "मले काय विचारता? तुळशीले पाणी घालाले गेली का साडीले ऑइल लागते, एवढंच मले समजते."

इंजिनावरचा नावाचा पत्रा कधीच गळून पडला होता. बिघाड कारबोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागात होता; पण इंजिन कोणत्या जातकुळीचं हे कळेना आणि कळल्याशिवाय कारबोरेटरचे सुटे भाग मिळेनात. इतिहासाच्या मास्तराला आणखी काय हवं? "पयले ओळख, मंग इलाज," असं ते येताजाता म्हणू लागले. माझ्या खोकल्यालाही त्यांनी तेच ऐकवलं. कारबोरेटरवर खडू घासून त्यांनी पुसट आकडे वर काढले, भिंगातून वाचले आणि ताम्रपट सापडल्याच्या थाटात आम्हाला बोलावून ऐकवले. तो नंबर घेऊन ते थेट नागपूरपर्यंत फिरले. कुठल्याच दुकानदाराला बोध होईना. "दुकानदारायचा अभ्यास कमी पडून राह्यला," असा निष्कर्ष निघाला.

मग नाचणगावात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या फवारणी पंपाच्या कारबोरेटरवर त्यांना नेमका तोच आकडा दिसला.  तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"तो भाग ओताच्या साच्याचा नंबर हाय बाबू, इंजिनाचा नाही," ते म्हणाले. "मी राजाले सोडून शिक्का घडवणाऱ्या सोनाराचं नाव वाचत होतो."

खरा नंबर इंजिनाला जोडायच्या पट्टीवर, जुन्या पॅकिंगच्या, म्हणजे दोन भागांमधल्या जाड कागदी पट्टीच्या खाली दडला होता. त्यावरून कंपनी कळली, भागांचं पुडकं आलं. देवरावजींनी कारबोरेटर पूर्ण खोलला. तारेनं भोक मोठं होतं म्हणून पेट्रोलची बारीक भोकं खराट्याच्या काडीनं साफ केली आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. पुडक्यातली एक पॅकिंग नेमकी फाटकी निघाली. त्याच दिवशी मी भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. त्यांनी ती बोटांत धरून जाडी पाहिली आणि "वा, पत्रिका झकास छापली" म्हणाले. संध्याकाळपर्यंत वधूवरांची नावं कातरून कारबोरेटरमध्ये बसली होती.

असलं इंजिन खालचा पंख्याचा भाग पाण्यात बुडवूनच सुरू करावं लागतं. त्यासाठी ड्रमभर पाणी हवं. ज्या गल्लीनं टिंगल केली, तिनंच घरटी एक बादली दिली. दोरी ओढून ओढून देवरावजींचा खांदा उतरायची वेळ आली, आणि मग इंजिन असं धडधडलं की अर्धा ड्रम आमच्या अंगावर उडाला. धुरातून मास्तरांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते हसत होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही धरणावर गेलो. सामान उचलायला म्हणून मी, आणि "उन्हात कायले नेता मले" असं कुरकुरत काकू. इंजिनाशी देवरावजी स्वतः बसले. नावेचा मालक त्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून होता. मधोमध कुठेतरी टेकडीवरचा देवीचा झेंडा आणि पाण्यातून वर आलेलं वाळकं चिंचेचं झाड एका रेषेत आलं. देवरावजींनी इंजिन बंद केलं.

"पेट्रोलमंधी कचरा आला काय काकाजी?" मी विचारलं.

 त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"चप्पल काऊन काढली?" काकू म्हणाल्या.

"सासुरवाडीत चप्पल घालून कसा शिरू?" ते म्हणाले. "तुमच्या गावच्या म्हाताऱ्यायले विचारून जागा पक्की केली. तुमचं घर बरोबर याच्या खाली हाय."

तेव्हा मला कळलं. काकूंचं माहेर धरणात गेलं होतं. भाऊ पांगले, आईवडील गेले, आणि माहेरी जाते असं म्हणायला त्यांना जागाच उरली नव्हती. इतक्या वर्षांच्या शेजारात त्या कधी याबद्दल बोलल्या नव्हत्या.

काकूंनी काठावरून खाली पाण्यात पाहिलं. मग डोळे पुसून वाकल्या आणि ओंजळभर पाणी घेतलं.

"पाय पुढं करा."

"काऊन?"

"जावई दारात आला का पाय धुवाले पाणी देतेत. आता माह्याशिवाय कोण हाय इथं द्याले?"

देवरावजींनी नव्या जावयासारखे अवघडून पाय पुढे केले.  काकू ओंजळीमागून ओंजळ पाणी घालत होत्या आणि नाव मुळीच हलत नव्हती.